मोडी वाचायला शिकले, त्याची गोष्ट

मी भाषांतराचं काम करते. औषधांसोबतच्या माहितीपत्रिका, विम्याचे फॉर्म, मोबाइल ॲपमधल्या सूचना असा रोजच्या वापरातला मजकूर इंग्रजीतून मराठीत आणायचा. सुरुवात केली तेव्हा टेबलावर शब्दकोश उघडा असायचा आणि मजकूर छापून घेऊन पेन्सिलीनं खुणा करायची पद्धत होती. मग जुनी भाषांतरं साठवून ठेवणारी सॉफ्टवेअरं आली, ती शिकले. पुढे यंत्रानं केलेलं भाषांतर दुरुस्त करून द्यायचं काम यायला लागलं. दर कमी आणि मुदत निम्म्यावर. तेही शिकले. नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तेव्हापासून दर थोड्या महिन्यांनी नवं काहीतरी येतं, ते शिकून घ्यावं लागतं आणि हात बसेपर्यंत ते जुनं झालेलं असतं.

नवं शिकायचा मला कंटाळा नाही, आवडतं मला ते. पण या धावपळीत माझं वाचणंच बदलून गेलं होतं. परिच्छेदाची पहिली ओळ वाचली की डोळे भराभर खाली घसरायचे, मधला मजकूर मन आपोआप भरून टाकायचं आणि 'वाचून झालं' असं वाटायचं. एकीकडे काम उघडं, दुसरीकडे एखाद्या नव्या साधनाची माहिती देणारा व्हिडिओ, तिसरीकडे ग्राहकांचे निरोप. रात्री दिवाळी अंक हातात घेतला तर एक कथा सलग वाचून होत नव्हती. ज्या माणसाचं पोट वाचण्यावर आहे त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. गवंड्याच्या डोळ्याला ओळंबा दिसेनासा व्हावा तसं ते होतं.

यावर सल्ले भरपूर मिळतात. फोन बंद ठेवा, सूचना बंद करा, आठवड्यातून एक दिवस पडद्याला हात लावू नका. त्यातलं जमेल तेवढं मी केलं आणि थोडा उपयोगही झाला. पण माझं काम फोनवर येतं, पैसे फोनवर येतात, मुलगा परगावी शिकतो त्याचा आवाजही फोनवरच येतो. फोन बाजूला ठेवून मिळालेला तासभर रिकामाच राहायचा आणि रिकाम्या तासात मन आणखी सैरभैर व्हायचं. नुसतं काहीतरी बंद करून भागत नाही, लक्ष कशावर तरी लावावं लागतं, हे मला तेव्हा कळायला लागलं होतं. कशावर लावायचं ते मात्र काकांमुळे ठरलं.

माझं माहेर साताऱ्याकडचं. सप्टेंबर २०२३मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगावी जुन्या कागदांना अचानक भाव आला. तहसील कचेऱ्यांमध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदींची जुनी बुकं निघाली, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि घरोघरच्या ट्रंका उघडल्या. कागद निघाले, पण ते वाचणार कोण? जुनी नोंद मोडीत आणि मोडी वाचणारी माणसं तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या थोरल्या काकांनीही माळ्यावरचा रुमाल खाली काढला. रुमाल म्हणजे जुने कागद बांधून ठेवायचं कापड. त्यात त्यांना हवी ती नोंद नव्हती. पण कागद पाहून त्यांना राहवेना. मला फोन केला, "अगं, तू भाषेचंच काम करतेस ना? मग हे तुला वाचता येत नाही होय?"

त्यांचा रोख टोमण्याचा नव्हता, खरोखरच आश्चर्य वाटलं होतं त्यांना. त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, मोडी सहज लिहिता-वाचता येत असे. साधारण १९५०च्या आसपास मोडी शाळांतून गेली. छापखान्याला बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, सोयीची होती आणि सरकारी कामही हळूहळू तिच्यात आलं. पुढे काका फक्त बाळबोध शिकले, मीही तीच शिकले. दोन पिढ्यांत घरातलेच कागद घरातल्यांना परके झाले. आपल्या डोळ्यांसमोर जग भराभर बदलतंय म्हणतो, पण आजोबांच्या पिढीनं लिपी बदललेली पाहिली आणि त्याबद्दल कुणाकडे तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

पुण्यात मोडी शिकायची सोय आहे, हे इथं राहणाऱ्यांचं भाग्य. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे वर्ग होतात, भारत इतिहास संशोधक मंडळात होतात, शिवाय जाणकार मंडळी आपापल्या हौसेनं शिकवतात. मी संध्याकाळच्या एका छोट्या वर्गाला नाव घातलं. वर्गात एक निवृत्त तलाठी, कायद्याचा अभ्यास करणारी मुलगी, संगणक अभियंता असलेला तरुण, दोन गृहिणी आणि तहसील कचेरीतले एक कारकून होते. कारकुनांना वरून सांगून पाठवलेलं. ते पहिल्या दिवशी म्हणाले, "मला हौस नाही, पण लोक रोज कागद घेऊन दारात उभे राहतात, त्यांना काय सांगू?" पुढे वर्गात सगळ्यात चिकाटीनं तेच शिकले.

मोडी ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतात. मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जायचं, शक्यतो हात न उचलता. काना खालून वर रेघेकडे जातो आणि तिथून पुढचं अक्षर सुरू होतं, म्हणून सगळ्या अक्षरांना एक गोलाई येते. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. पूर्णविराम, स्वल्पविराम नसतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. शब्द कुठे संपला आणि वाक्य कुठे सुरू झालं हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. त्यात लिहिणाऱ्याचा हात घाईचा असेल तर अक्षराचं पोट मिटतं, शेपूट लांबतं आणि बाराखडीच्या तक्त्यावर ओळखीचं वाटलेलं अक्षर कागदावर अनोळखी होऊन बसतं.

शिवाय संक्षेप. 'रा॥' म्हणजे राजश्री, 'मौ॥' म्हणजे मौजे, 'मु॥' म्हणजे मुक्काम. 'ता॥' तर्फही असू शकतं आणि तालुकाही. अक्षरापुढे दोन उभ्या रेघा आल्या तर संक्षेप, पण त्याच दोन रेघा आकड्यापुढे आल्या तर अर्धा. '४२॥' म्हणजे साडेबेचाळीस. एक रेघ असेल तर पाव, तीन असतील तर पाऊण. एवढ्याशा रेघेवरून डोळा घसरला तर हिशोब बदलतो.

तारखांचं प्रकरण तर स्वतंत्रच. पेशवेकालीन कागदांवर शुहूर सन असतो आणि तो अरबी अंकनामांत लिहिलेला असतो, एककापासून सुरू करून. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं, म्हणून जानेवारीतल्या तारखेला ६०० मिळवायचे. उत्तर येतं १७६१, पानिपतचं साल. सरांनी हे फळ्यावर मांडलं तेव्हा वर्गात कुणीच काही बोललं नाही. शाळेत पाठ केलेलं ते साल मी पहिल्यांदाच त्या काळच्या माणसाच्या तोंडून ऐकल्यासारखं ऐकलं.

सरांचा एकच नियम होता आणि तो ते रोज सांगत. "ताई, जे दिसतंय ते लिहा. जे वाटतंय ते लिहू नका. नाही लागलं, तर टिंबं द्या आणि पुढे जा." म्हणजे न लागलेल्या अक्षराच्या जागी लिप्यंतरात टिंबं टिंबं ठेवायची, जागा कोरी सोडायची. हे ऐकायला फार सोपं वाटतं, प्रत्यक्षात फार जड जातं. कारण मनाला कोरी जागा सोसत नाही. दोन अक्षरं लागली की तिसरं ते स्वतःच सुचवतं आणि ते सुचवलेलं इतकं बरोबर वाटतं की डोळे त्या अक्षराकडे बघायचेच थांबतात. माझ्या कामातही नेमकं हेच होत होतं, हे मला त्या वर्गात बसून दिसलं.

सरावासाठी मी पहाटेची वेळ धरली. फोन दुसऱ्या खोलीत, टेबलावर एक भिंग, आखलेली वही, बोरू आणि शाईची दौत. बोरू मुद्दाम घेतला. त्याचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक होते ते हाताला कळतं, आणि मग जुन्या कागदावरची अक्षरं कशी वळली असतील याचा अंदाज डोळ्यांआधी बोटांना येतो. सुरुवातीला मी अर्ध्या पानाचं ठरवायची आणि ते व्हायचं नाही. मग रोज एक ओळ एवढंच धरलं. एक ओळ वाचायची, बाळबोधीत उतरवायची, टिंबं मोजायची आणि तीच ओळ बोरूनं मोडीत नक्कल करायची.

पहिले काही आठवडे फार अवघड गेले. चार अक्षरं झाली की हात आपोआप फोनकडे जायचा आणि तो तिथं नसायचा. डोळे दुखायचे. मन म्हणायचं, या वेळात तू ते नवं सॉफ्टवेअर शिकली असतीस, त्याचे पैसे तरी मिळाले असते. पण मोडीची एक गोष्ट अशी की तिथं घाई करून काहीच हाती लागत नाही. पडद्यावरचा मजकूर भराभर चाळला तर निदान काहीतरी वाचल्याचं समाधान मिळतं. मोडीची ओळ चाळली तर समोर नुसत्या वेलबुट्ट्या. ती एकेका अक्षरापाशी थांबायलाच लावते. हळूहळू थांबणं सवयीचं झालं, नंतर आवडायला लागलं. कधीतरी असं व्हायचं की खिडकीत उजेड आलेला असायचा, खाली दूधवाला येऊन गेलेला असायचा आणि मला त्याची गाडी ऐकूच आलेली नसायची.

अक्षर पक्कं व्हायला लागल्यावर मी काकांच्या रुमालातला पहिला कागद हाती घेतला. त्यांनी त्याचा फोटो पाठवला होता, पण घड्यांवरची अक्षरं त्यात नीट दिसेनात. म्हणून गावी जाऊन मूळ कागदच बघितला. वर मुद्रांकाचा ठसा, कडांना कसर लागलेली. ते एक खत होतं, कर्जरोखा. सुरुवातीलाच 'शके १७९' आणि पुढचा आकडा किडीनं खाल्लेला. पण पुढे संवत्सराचं नाव शाबूत होतं, 'अंगिरानाम संवत्सरे'. साठ संवत्सरांच्या चक्रात अंगिरा शके १७९४ला येतो, म्हणजे १८७२-७३. किडीनं खाल्लेला चार अशा रीतीनं परत मिळाला. असा पुरावा जुळला की होणारा आनंद मला तरी दुसऱ्या कशात सापडत नाही.

पुढे सगळा नेहमीचा मसुदा होता. लिहून घेणार कोण, लिहून देणार कोण, 'कारणे कर्जरोखा लिहून दिला ऐसाजे', रक्कम ४२॥ रुपये, बैलजोडीसाठी आणि बियाण्यासाठी, व्याज दरमहा दर शेकडा १ रुपया. लिहून घेणारा बाजारगावचा सावकार. लिहून देणाऱ्याच्या नावात मात्र मी अडकले. नाव कागदाच्या घडीवर होतं, शाई उडालेली. त्यापुढे एक दोन अक्षरी शब्द आणि मग आमच्या वंशावळीतलं एक ओळखीचं नाव. अशा जागी बहुतेक वेळा 'बिन' असतं, अमुक बिन तमुक, म्हणजे तमक्याचा मुलगा. त्या कागदातल्या साक्षीदारांच्या नावांतही सगळीकडे 'बिन'च होतं. मन अर्थातच म्हणत होतं, बिन लिही आणि पुढे चल. मी टिंबं दिली. खाली सहीच्या जागी एक वर्तुळ होतं, ते काय आहे हे कळलं नव्हतं म्हणून वहीत 'वर्तुळ' एवढंच लिहून ठेवलं.

ती टिंबं बरेच आठवडे वहीत तशीच राहिली. दरम्यान त्याच लेखकाचा हात ओळखीचा व्हावा म्हणून मी त्या कागदातला प्रत्येक 'क', प्रत्येक 'म' आणि प्रत्येक 'ब' वेगळ्या पानावर काढून ठेवला. हा सल्लाही सरांचाच. एका लेखकाचा 'क' एकदा ओळखला की तो सगळीकडे ओळखता येतो. मग एका सकाळी भिंग धरून पुन्हा त्या दोन अक्षरांकडे बघितलं, तर ते 'बिन' नव्हतंच. ते होतं 'कोम'. कोम म्हणजे अमक्याची बायको. खत लिहून देणारी एक बाई होती आणि खालचं वर्तुळ ही बांगडीची निशाणी होती.

लिहिता न येणाऱ्या माणसांची सही जुन्या कागदांवर निशाणीनं व्हायची. कुणब्याची नांगराची, शिपायाची कट्यारीची, बाईची बांगडीची. हे वर्गात शिकले होते. पण आपल्या घरातल्या कागदावर ती बांगडी पाहणं वेगळंच असतं. आमच्या वंशावळीत तिच्या नवऱ्याचं नाव आहे, मुलाचं आहे, तिचं नाही. नवरा बहुधा तेव्हा हयात नसावा, नाहीतर खत त्याच्याच नावानं झालं असतं. ४२॥ रुपयांचं कर्ज काढून तिनं बैलजोडी घेतली आणि शेत पेरलं.

कागदाच्या पाठीवर वेगळ्या हातानं लिहिलेल्या दोनच ओळी होत्या. शके १७९७, युवानाम संवत्सर, आणि 'भरून पावलो'. म्हणजे तिनं ते कर्ज फेडलं आणि सावकारानं खत परत दिलं. ते आमच्या घरी असण्याचं कारणही हेच. १८७५ साल दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी फार कठीण होतं. त्याच वर्षी मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला, तो आसपासच्या गावांत आणि अहमदनगरकडे पसरला आणि शेतकऱ्यांनी अशीच खतं चव्हाट्यावर जाळली. पुढे १८७९ला शेतकऱ्यांच्या कर्जांसाठी सरकारला वेगळा कायदा करावा लागला. आमच्या गावापासून ते सगळं किती लांब होतं आणि तिच्या कानावर काय आलं असेल हे कागद सांगत नाही, आणि सरांच्या नियमाप्रमाणे तिथं मी टिंबंच ठेवते. पण ज्या काळात कर्ज फिटणं इतकं दुर्मीळ होतं त्या काळात तिनं ते फेडलं, एवढं मात्र शाईत लिहिलेलं आहे.

काकांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे बैलजोडी तिनं घेतली होय. आम्ही आपलं आजवर पणजोबांचंच नाव घेत होतो." त्या वर्षी पितृपक्षात घरी तिच्या नावानंही पान वाढलं. तिचं नाव मी इथं देत नाही, ते घरचं आहे.

आता कामाबद्दल. मोडी शिकून माझं उत्पन्न वाढलं असं झालेलं नाही. पण काम करण्याची रीत पार बदलली. यंत्र मराठी आता बरंच सफाईदार लिहितं. त्याची अडचण अशी की ते कधीच टिंबं देत नाही. मूळ मजकूर संदिग्ध असो, अपुरा असो, यंत्र जागा कोरी सोडत नाही, कुठला तरी शब्द छान बसवून देतं. एका औषधाच्या माहितीपत्रिकेत मूळ सूचना एक दिवसाआड गोळी घ्यायची होती. यंत्राच्या मराठीत 'दिवसातून एकदा' आलं. वाक्य इतकं सरळ आणि ओघवतं की डोळा सहज पुढे जावा. मी थांबले, कारण आता मला अक्षरापाशी थांबायची सवय आहे. मूळ वाचते, मराठी वाचते, आणि मराठीत जे लिहिलंय ते मुळात खरंच दिसतंय का, हे बोट ठेवून बघते. एखादं वाक्य मुळातच लागत नसेल तर ग्राहकाला तसं लिहून विचारते. पूर्वी असं विचारताना उगाच संकोच वाटायचा, आता तोच कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो.

त्यावरून मी कामाची वाटणीही बदलली. औषधं, विमा, कायदेशीर संमतिपत्रं, जिथं एका शब्दानं माणसाचं नुकसान होतं, तिथं तपासणीचा दर वेगळा मागते. काही ग्राहकांनी ते मान्य केलं, काहींनी दुसरीकडे काम दिलं. नव्या साधनांसाठी आठवड्यातली एक दुपार ठेवली आहे. त्या दुपारी जे शिकून होईल ते होईल, बाकी आठवडाभर त्याकडे बघत नाही. काही तरी सुटून जाईल ही धास्ती आता फारशी वाटत नाही. जे खरोखर उपयोगाचं असतं ते पुढच्या आठवड्यातही तिथंच असतं, असाच माझा अनुभव आहे.

२०२५मध्ये वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एक बातमी आली. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली तयार केली होती, मॉस्कनेट नावाची. तिच्यासाठी मोडी लिखाणाच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा आणि त्यांचं देवनागरी रूप असा साठा जमवलेला. गटावर थोडी शांतता पसरली. मग कायद्याच्या मुलीनं विचारलं, "सर, मग आपण हे कशाला शिकतोय?" तिचा प्रश्न रास्त होता. माझ्या पोटातही क्षणभर तेच आलं, कारण भाषांतरात मी हे एकदा अनुभवलेलं आहे.

सर पुढच्या तासाला त्यावर बोलले आणि त्यांना मनापासून आनंद झाला होता. म्हणाले, "पुण्याच्या पुरालेखागारात, आपण ज्याला पेशवे दफ्तर म्हणतो तिथं, कोट्यवधी कागद आहेत. धुळ्याला आहेत, कोल्हापूरला आहेत, तंजावरच्या सरस्वती महालात आहेत. तुम्ही-आम्ही सात जन्म घेतले तरी वाचून संपायचे नाहीत. यंत्र मदतीला येत असेल तर पायघड्या घाला. पण त्या दोन हजार प्रतिमांचं बाळबोध कुठल्या तरी माणसांनीच आधी वाचून दिलं असणार ना? आणि यंत्रानं 'बिन' लिहिलं तर ते 'कोम' आहे हे कोण सांगणार?" माझ्या खताची गोष्ट त्यांना माहीत होती.

मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि त्याहून एक पाऊल पुढे जाऊन मला वाटतं की यंत्र उद्या अगदी अचूक वाचायला लागलं तरी मी माझी रोजची ओळ सोडणार नाही. इतिहासाचार्य राजवाडे कागद शोधत गावोगाव पायपीट करायचे, ते १९२६ला धुळ्यात वारले तेव्हा त्यांचं दफ्तर मागे राहिलं आणि त्यावर आजही लोक काम करतात. मी काही संशोधक नाही, व्हायचंही नाही. पण त्या एका ओळीपाशी बसून माझ्या वाचण्यात जे आलं ते दुसऱ्यानं वाचून दिलेल्या कागदातून आलं नसतं. निकाल यंत्र देईल. डोळा ज्याचा त्यालाच तयार करावा लागतो.

प्रत्येकानं मोडीच शिकावी असं मी म्हणणार नाही. माझी एक मैत्रीण ज्ञानेश्वरीचा अध्याय पाठ करते, रोज थोड्या ओव्या, मोठ्यानं म्हणून. वर्गातला तो अभियंता तबला शिकायला लागलाय आणि विलंबित लयीत समेवर येण्याबद्दल तो जे बोलतो ते मला माझंच वाटतं. मात्र जी गोष्ट घ्याल ती घाई खपवून घेणारी नको, आणि तिचा कुणाला तरी खरा उपयोग असेल तर फार बरं. आमच्या कारकुनांकडे आता कागद घेऊन येणाऱ्या माणसाला परत जावं लागत नाही. परवा ते सांगत होते, एका आजीबाईंना त्यांच्या वडिलांच्या जन्माची नोंद वाचून दाखवली, तर बाई टेबलासमोरून उठेनात, पुन्हा वाचा म्हणाल्या.

सध्या रुमालातलं एक वाटणीपत्र माझ्या हाती आहे. तीन भावांत जमीन वाटलेली. चतुःसीमा जवळपास लागल्या आहेत, पूर्वेस ओढा, उत्तरेस गावची पांदण. अडलंय ते शेतांच्या नावांपाशी. ती नावं कुठल्याच कोशात मिळत नाहीत, शिवारात राबणाऱ्यालाच माहीत असतात. म्हणून मी त्या दोन-दोन अक्षरांचे तुकडे मोठे करून काकांना पाठवते आणि काका ते घेऊन पारावर जाऊन बसतात. दोन नावं तिथल्या म्हाताऱ्यांनी ओळखली. तिसऱ्यावर त्यांचं एकमत होत नाहीये, तेव्हा दिवाळीत मी गावी गेले की आम्ही सगळे मिळून त्या ओढ्याकाठच्या शेतात जाऊन यायचं ठरवलंय.